डेझर्ट वनचं गुपित आणि संसदेचा हक्क : १९८० च्या इराण सुटका मोहिमेचा प्रकरण अभ्यास

२४ एप्रिल १९८० च्या संध्याकाळी अरबी समुद्रातल्या 'निमित्झ' या विमानवाहू जहाजावरून आठ हेलिकॉप्टर उडाली आणि इराणच्या किनाऱ्याकडे वळली. तेहरानमध्ये साडेपाच महिन्यांपासून डांबून ठेवलेल्या अमेरिकी ओलिसांना सोडवून आणायचं होतं. मोहिमेच्या ऐन तोंडावर सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष फ्रँक चर्च आणि त्या समितीतले विरोधी पक्षाचे ज्येष्ठ सदस्य जेकब जॅव्हिट्स यांनी परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांना पत्र लिहिलं होतं. युद्धाधिकार कायद्याप्रमाणे आमच्याशी औपचारिक सल्लामसलत करा, अशी त्यांची मागणी होती. पत्र ज्यांच्या नावे होतं त्या व्हान्स यांनी त्याच आठवड्यात, याच मोहिमेला विरोध म्हणून, अध्यक्ष जिमी कार्टर यांच्याकडे राजीनामा दिला होता. तो अजून जाहीर झाला नव्हता, आणि व्हान्स यांना त्याबद्दल बोलताही येत नव्हतं.

लोकांचे जीव धोक्यात असताना किती गुप्तता पाळायची आणि निवडून आलेल्या सभागृहाला कधी कळवायचं, हा वाद बहुतेक वेळा 'सांगायचं की नाही' एवढ्या एकाच प्रश्नात कोंबला जातो. इराणचं प्रकरण नीट पाहिलं तर त्यात दोन वेगळे प्रश्न दिसतात. बळ वापरायचं की नाही, हा पहिला. कुठे, कधी आणि कसं वापरायचं, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला कडेकोट गुप्तता हवीच. कार्टर प्रशासनाने तीच गुप्तता पहिल्यालाही लावली. त्यानंतर आलेल्या कायद्याने गुप्ततेला शेवटची तारीख घालून दिली नाही, आणि त्याची किंमत सहा वर्षांनी मोजावी लागली.

पार्श्वभूमी

४ नोव्हेंबर १९७९ रोजी इराणी विद्यार्थ्यांच्या जमावाने तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासाचा ताबा घेतला. सुरुवातीला ६६ अमेरिकी माणसं त्यांच्या हाती लागली. काहींना त्याच महिन्यात सोडलं, एकाला आजारपणामुळे पुढच्या जुलैत. उरलेल्या ५२ जणांची सुटका झाली ती ४४४ दिवसांनी, २० जानेवारी १९८१ रोजी, आणि तीही वाटाघाटींतून.

त्या वेळी अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, हातात दोन कायदे होते. पहिला १९७३ चा युद्धाधिकार ठराव. व्हिएतनामच्या अनुभवानंतर, अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार मोडून काढून तो ७ नोव्हेंबर १९७३ रोजी मंजूर झाला होता. सैन्य लढाईत किंवा लढाईची स्पष्ट चिन्हं असलेल्या परिस्थितीत उतरवण्याआधी अध्यक्षांनी 'शक्य त्या प्रत्येक प्रसंगी' संसदेशी सल्लामसलत करावी आणि सैन्य उतरवल्यावर ४८ तासांत लेखी अहवाल द्यावा, असं तो सांगतो. दुसरी १९७४ ची ह्यूज-रायन दुरुस्ती. ती गुप्तचर संस्थेच्या, म्हणजे सीआयएच्या, छुप्या कारवायांसाठी. अशी कारवाई देशाच्या सुरक्षेसाठी महत्त्वाची आहे असा निर्णय अध्यक्षांनी स्वतः घ्यायचा आणि संबंधित समित्यांना तो 'वेळेत' कळवायचा. अशा निर्णयाला तिथे 'फाइंडिंग' म्हणतात. १९७० च्या दशकाअखेर या 'संबंधित समित्यां'ची संख्या आठवर गेली होती. सदस्य आणि त्यांचे कर्मचारी मिळून हा गोतावळा बराच मोठा होता.

ही आठ समित्यांची तक्रार खरी होती, हे मान्य करायला हवं. १९७६ मध्ये गुप्तचर संस्थांची चौकशी करणाऱ्या प्रतिनिधिगृहाच्या पाइक समितीचा अहवाल सभागृहाने रोखून धरला असतानाही फुटला आणि न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात छापून आला. संसदेत गुपित टिकत नाही असं म्हणणाऱ्यांकडे हे एक ठोस उदाहरण होतं आणि ते वर्षानुवर्षं दिलं गेलं.

सुटका मोहिमेची अडचण अशी, की ती या दोन्ही कायद्यांच्या मधल्या पट्ट्यात पडते. टेहळणी गुप्तहेर करतात, वाट ते आखतात, वेशांतर करून शहरात आधी तेच शिरतात. शेवटच्या रात्री मात्र गणवेशातले सैनिक येतात. मग कोणत्या टप्प्यावर, कोणत्या कायद्याखाली, कोणाला कळवायचं?

आधीची एक मोहीम

एप्रिलच्या मोहिमेकडे जाण्याआधी जानेवारी पाहायला हवी, कारण तिथे गुप्तता कामी आली.

दूतावास पडला त्या दिवशी सहा अमेरिकी अधिकारी निसटले आणि काही दिवसांनी कॅनडाचे राजदूत केन टेलर आणि त्यांचे सहकारी जॉन शियरडाउन यांच्या घरी लपले. जो क्लार्क यांच्या कॅनडा सरकारने मंत्रिमंडळाच्या गुप्त आदेशाने या सहा परदेशी नागरिकांना कॅनडाचे पासपोर्ट दिले. त्यांवरचे इराणी व्हिसा आणि शिक्के सीआयएने तयार केले. २७ जानेवारी १९८० च्या सुमारास चित्रपटासाठी जागा पाहायला आलेलं पथक असल्याचं भासवून हे सहा जण सीआयएच्या अधिकाऱ्यांसोबत तेहरानच्या मेहराबाद विमानतळावरून झुरिचला गेले.

अमेरिकी संसदेच्या समित्यांना हे आधी कळवलं नव्हतं. कॅनडाचा तसा आग्रह होता. त्यांचे राजनैतिक अधिकारी तेहरानमध्येच होते, आणि दुसऱ्या देशाच्या आठ समित्यांवर त्यांच्या जिवाचा भार टाकायला ते सरकार तयार नव्हतं. सुमारे तीन महिने समित्या अंधारात राहिल्या. मला ही गुप्तता पूर्णपणे समर्थनीय वाटते. धोका नेमका होता, मर्यादित होता, आणि विमानाने इराणची हद्द ओलांडताच संपणारा होता. तो संपल्यावर सगळं बाहेर आलं. माँट्रिअलच्या 'ला प्रेस'चे वॉशिंग्टनमधले वार्ताहर जाँ पेलेतिए यांना तर डिसेंबरमध्येच या सहा जणांचा सुगावा लागला होता. माणसं सुखरूप बाहेर पडेपर्यंत त्यांनी बातमी दाबून ठेवली आणि २९ जानेवारीला छापली. ज्याचा धंदाच बातमी देणं, त्याने सुद्धा कारण पटल्यावर कळ काढली, हे इथे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. सीआयएने तयार केलेल्या व्हिसांवर तारखेची चूक होती. इराणी वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, त्या हिशेबात गडबड झाली आणि कागदावरची तारीख भलतीच पडली. कॅनडाच्या दूतावासातल्या फारसी जाणणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या नजरेला ती आली आणि कागद दुरुस्त झाले. योजना आखणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेरचं कुणीतरी कागद वाचत होतं, म्हणून विमानतळावरचा प्रसंग टळला.

एप्रिलचा निर्णय

वाटाघाटी फसत गेल्या तशी लष्करी योजना पुढे सरकली. ३१ मार्चच्या रात्री सीआयएचं एक छोटं ट्विन ऑटर विमान दश्त-ए-कवीरच्या वाळवंटात, तबस शहराच्या बाजूला, गुपचूप उतरलं. त्यातून हवाई दलाचे मेजर जॉन कार्नी उतरले. बरोबर आणलेल्या छोट्या मोटारसायकलवरून त्यांनी अंधारात जागा पाहिली, जमीन टणक आहे का हे कळण्यासाठी मातीचे नमुने घेतले, धावपट्टीच्या खुणा म्हणून दुरून पेटवता येणारे दिवे पुरले आणि परतले. मोहिमेतली विमानं आणि हेलिकॉप्टर इथेच उतरणार होती. या जागेला नाव होतं डेझर्ट वन. या उड्डाणाची खबरही समित्यांना दिली नव्हती. सीआयएचे तेव्हाचे संचालक स्टॅन्सफील्ड टर्नर यांनी नंतर सांगितलं, की इराणच्या काळात तीन वेळा पूर्वसूचना रोखली : कॅनडाच्या घरात लपलेले सहा जण, तेहरानमध्ये टेहळणीला पाठवलेली माणसं आणि हे विमान. जीव धोक्यात घालून निघालेल्या माणसाच्या डोळ्याला डोळा देऊन, तुझी मोहीम मी संस्थेबाहेरच्या पाच-सहा जणांना सांगणार आहे, असं म्हणणं आपल्याला फार जड गेलं असतं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे बोलणं प्रामाणिक आहे. अशा माणसाची जबाबदारी ज्याच्यावर असते त्याला दुसरं काही सुचणंही कठीण.

११ एप्रिलला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या बैठकीत कार्टर यांनी मोहिमेला संमती दिली. व्हान्स त्या दिवशी सुट्टीवर, फ्लोरिडात होते. परतल्यावर त्यांनी १५ एप्रिलला आपला विरोध मांडला. ओलिसांच्या जिवाला तातडीचा धोका दिसत नाही. युरोपातल्या मित्रदेशांना आपण निर्बंधांसाठी राजी करतो आहोत, तेही बळाचा वापर टळावा म्हणून. शिवाय मोहीम यशस्वी झाली तरी तेहरानमध्ये असलेले इतर अमेरिकी नागरिक पुढचे ओलीस ठरू शकतात. परिषदेने ऐकून घेतलं आणि निर्णय कायम ठेवला. २१ एप्रिलला व्हान्स यांनी राजीनामा दिला. मोहीम यशस्वी झाली तरी तो मागे घेणार नव्हते.

व्हान्स यांच्या आक्षेपांत हेलिकॉप्टर किती, उतरण्याची जागा कोणती, तारीख कुठली, यातलं काहीही येत नाही. हे सगळे धोरणाचे आक्षेप आहेत, आणि लोकप्रतिनिधींनी विचारावेत असेच आहेत. ते संसदेच्या चार ज्येष्ठ नेत्यांपुढे मांडायला डेझर्ट वनचं नावसुद्धा घ्यावं लागलं नसतं.

बळ वापरण्याचा विचार चालू आहे हेच गुपित होतं, अशी पळवाट इथे काढता येत नाही. १७ एप्रिलच्या पत्रकार परिषदेत कार्टर यांनीच उघड सांगितलं होतं, की निर्बंधांनी काम झालं नाही तर पुढचं पाऊल लष्करी असू शकतं. चर्च आणि जॅव्हिट्स यांची मागणी याच वातावरणातली होती. त्या मागणीला मोहिमेचा तपशील न देता उत्तर देता आलं असतं.

२३ एप्रिलच्या रात्री सिनेटमधले बहुमताचे नेते रॉबर्ट बर्ड व्हाइट हाउसमध्ये आले होते. कार्टर यांनी त्यांच्याशी सुटका मोहिमेच्या शक्यतेबद्दल आणि संसदेतल्या कुणाकुणाला विश्वासात घ्यावं याबद्दल मोघम चर्चा केली. ती मोहीम दुसऱ्याच दिवशी आहे हे सांगितलं नाही. मोहीम माघारीच्या टप्प्यापलीकडे गेली की नेत्यांना कळवायचं, असा त्यांचा विचार होता. तो टप्पा कधी आलाच नाही.

रात्र

योजनेप्रमाणे पुढच्या टप्प्यासाठी किमान सहा हेलिकॉप्टर चालू स्थितीत हवी होती. सहाच्या खाली आकडा गेला तर परत फिरायचं, हे आधीच ठरलेलं होतं. वाटेत एकाच्या पात्याबाबत धोक्याचा इशारा आला, ते वाळवंटात सोडून द्यावं लागलं. दुसरं धुळीच्या लोटात सापडलं, त्याची उपकरणं बंद पडत गेली आणि ते जहाजाकडे परतलं. तिसरं डेझर्ट वनवर पोहोचलं, पण त्याच्या हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड झालेला होता. उरली पाच. लष्कराच्या डेल्टा फोर्स या विशेष तुकडीचे कर्नल चार्ली बेकविथ यांनी मोहीम थांबवण्याची शिफारस केली आणि कार्टर यांनी ती मान्य केली.

डेझर्ट वनवर तोवर वेगळाच गोंधळ झालेला होता. विमानं उतरतात न उतरतात तोच शेजारच्या रस्त्यावरून चाळीसहून अधिक प्रवाशांनी भरलेली बस आली. तिला थांबवून सगळ्यांना ताब्यात घ्यावं लागलं. मागून आलेला इंधनाचा ट्रक थांबेना, म्हणून रॉकेट डागून पेटवला. त्याच्या ज्वाळांनी परिसर लांबवर उजळला. तीन आठवड्यांपूर्वी कार्नी यांना टणक लागलेल्या जमिनीवर आता घोट्याएवढी भुसभुशीत धूळ साचली होती. परतीची तयारी चालू असताना एक हेलिकॉप्टर जागा बदलायला उचललं गेलं, पात्यांनी उडवलेल्या धुळीत वैमानिकाला दिसेनासं झालं आणि ते इंधन भरलेल्या सी-१३० विमानावर आदळलं. आठ जण गेले, हवाई दलाचे पाच आणि मरीनचे तीन.

गुप्ततेने काय केलं

सकाळी ७ वाजता कार्टर यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला ही बातमी दिली आणि निर्णयाची जबाबदारी स्वतःवर घेतली. २६ एप्रिलला संसदेला लेखी अहवाल गेला. तो युद्धाधिकार ठरावाच्या तरतुदीशी 'सुसंगत' असल्याचं म्हटलेलं होतं. म्हणजे अहवाल दिला, पण ठराव आपल्याला बांधील आहे असं मान्य केलं नाही. पुढचे अध्यक्षही बहुतेक असंच लिहीत आले.

९ मे रोजी व्हाइट हाउसचे कायदा सल्लागार लॉइड कटलर यांनी बचाव मांडला. पूर्ण बेसावधपणावर अवलंबून असलेल्या सुटका मोहिमेत, आधी सांगितल्याने मोहीम आणि सोडवायची माणसं यांना अवाजवी धोका होईल असं अध्यक्षांचं मत झालं, तर संसदेशी न बोलता पाऊल टाकण्याचा अधिकार त्यांना राज्यघटनेनेच दिलेला आहे, असं त्यांचं म्हणणं. प्रशासनाची आणखी एक भूमिका होती : ही मानवतावादी सुटका आहे, लढाई नव्हे, म्हणून सल्लामसलतीचं कलम लागूच होत नाही. ही दुसरी भूमिका मला अजिबात पटत नाही. सशस्त्र पहारेकऱ्यांनी वेढलेल्या इमारतीवर, परक्या देशाच्या राजधानीत, सैनिकांच्या तुकडीने रात्री छापा घालायचा आणि त्यात लढाईची चिन्हं नाहीत म्हणायचं, हे कायद्याच्या शब्दांशी खेळणं आहे. कटलर यांच्या युक्तिवादाला तोड देणं जास्त अवघड आहे. त्यात 'अवाजवी धोका' ठरवणारा एकच माणूस आहे, आणि त्याचा अंदाज कुणी तपासायचा याबद्दल एक अक्षर नाही.

चर्च यांनी या मुद्द्यावर आपली भूमिका स्पष्ट केली : निर्णय होत असताना त्यात सहभागी होण्याची संधी मिळाली तर ती सल्लामसलत. मोहीम चालू झाल्याची बातमी देणं म्हणजे सल्लामसलत नव्हे.

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद मात्र लष्करानेच लिहून घेतला. निवृत्त ॲडमिरल जेम्स हॉलोवे यांच्या अध्यक्षतेखालच्या सहा अधिकाऱ्यांच्या मंडळाने ऑगस्ट १९८० मध्ये अहवाल दिला. त्यांनी २३ मुद्दे तपासले, आणि त्यातले कितीतरी फिरून गुप्ततेपाशीच येतात. तुकड्या वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकींपासून तोडून तयार केल्या गेल्या. सगळ्यांची मिळून पूर्ण रंगीत तालीम एकदाही झाली नाही. योजना ज्यांनी आखली त्यांनीच ती तपासली. बाहेरच्या जाणत्या माणसांच्या गटाकडून तिची कसून चिरफाड करून घेतली नाही. त्या भागात हवेत तरंगणाऱ्या धुळीचे प्रचंड पट्टे येऊ शकतात, ही माहिती हवामानाच्या जाणकारांकडे होती. हेलिकॉप्टरच्या वैमानिकांपर्यंत ती पोहोचली नाही, कारण हे जाणकार आणि वैमानिक यांची गाठच पडू दिलेली नव्हती.

आणि ते धुळीतून परत फिरलेलं हेलिकॉप्टर. मोहिमेत रेडिओवर बोलायचं नाही असा दंडक होता. थोडं पुढे, डेझर्ट वनवर, आकाश स्वच्छ होतं. वैमानिकाला ते कुणी कळवलं नाही. कळलं असतं तर आपण पुढे गेलो असतो, असं त्याने नंतर सांगितलं. ते पोहोचलं असतं तर हेलिकॉप्टरांची संख्या सहा भरली असती.

म्हणजे शत्रूला पत्ता लागू नये म्हणून पाळलेली गुप्तता पूर्ण यशस्वी झाली. विमानं उतरेपर्यंत इराणला काही कळलं नाही. त्याच गुप्ततेने आपल्या माणसांपासून धूळ, हवामान आणि योजनेतल्या भेगा लपवल्या. इथे मी घाईघाईने असा निष्कर्ष काढणार नाही, की चर्च यांना सांगितलं असतं तर मोहीम वाचली असती. सिनेटर हेलिकॉप्टरची पाती तपासत नाहीत. संसदेला उत्तर द्यायचं आहे हे आधीपासून माहीत असलेलं प्रशासन मात्र स्वतःच्या योजनेला बाहेरून तपासून घेतं, कारण 'हे कुणी तपासलं?' हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक असतं. देखरेखीचा मोठा भाग असा आधीच, तिच्या नुसत्या सावलीनेच काम करतो. एप्रिल १९८० मध्ये ती सावलीही नव्हती.

या अपयशाचं पुढे काय झालं तेही संसदेनेच घडवलं. वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या, विशेष दलांची विखुरलेली रचना मांडली गेली, आणि १९८६ मध्ये नन-कोहेन दुरुस्तीने एकत्रित विशेष मोहीम कमांड उभारायला लावली. ती एप्रिल १९८७ मध्ये अस्तित्वात आली. पेंटॅगॉनमधल्या बऱ्याच जणांना ती नको होती.

कायद्यातली मोकळी जागा

ऑक्टोबर १९८० मध्ये कार्टर यांनी गुप्तचर देखरेख कायद्यावर सही केली. हा कायदा इराणच्या दोन्ही मोहिमांच्या पार्श्वभूमीवर घडला, आणि त्यात बरीच समज दिसते. आठ समित्यांच्या जागी दोनच राहिल्या, दोन्ही सभागृहांच्या गुप्तचर समित्या. अगदी असाधारण परिस्थितीत पूर्ण समित्यांऐवजी फक्त आठ जणांना सांगितलं तरी चालेल अशी सोय झाली : दोन्ही सभागृहांतले दोन्ही बाजूंचे नेते आणि दोन्ही समित्यांचे अध्यक्ष व विरोधी पक्षाचे ज्येष्ठ सदस्य. कॅनडासारख्या प्रसंगाला यातून मार्ग निघतो. गळतीची भीती खरी असेल तर कान कमी करा, पण शून्यावर आणू नका, हा यामागचा विचार मला योग्य वाटतो.

पण कायदा तिथेच थांबला नाही. या आठांनाही आधी सांगितलं नसेल, तर अध्यक्षांनी 'वेळेत' कळवावं आणि आधी न सांगण्याचं कारण द्यावं, असं एक कलम आलं. वेळेत म्हणजे किती दिवसांत? ते लिहिलं नाही. त्या वेळी सगळ्यांच्या मनात जानेवारी-एप्रिलची सुटका होती, म्हणजे काही आठवड्यांत आपोआप संपणारं गुपित. मुदत लिहायची गरज कुणाला वाटली नसावी.

जानेवारी १९८६ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी एका फाइंडिंगवर सही केली. लेबनॉनमध्ये अडकलेल्या अमेरिकी ओलिसांच्या सुटकेच्या आशेने इराणला क्षेपणास्त्रं विकायची, आणि संसदेला कळवायचं नाही, अशी त्यात सीआयएच्या संचालकांना सूचना होती. त्याआधीच्या नोव्हेंबरमधल्या एका व्यवहाराला तर डिसेंबरात मागाहून मंजुरी देणारं फाइंडिंग काढलं होतं. ते पुढे सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर यांनी फाडून टाकलं. संसदेला हे कळलं ते ३ नोव्हेंबर १९८६ ला एका लेबनीज मासिकाने छापल्यावर. दहा महिने उलटले होते. डिसेंबरमध्ये न्याय खात्याच्या मतपत्राने सांगितलं, की 'वेळेत' या शब्दाने अध्यक्षांना वेळ ठरवण्याची जवळजवळ अमर्याद मोकळीक दिलेली आहे. या व्यवहाराच्या समर्थकांनी पुढच्या वादात कार्टर यांच्या काळातल्या न सांगितलेल्या इराण मोहिमांचा दाखला दिला.

हा दाखला मला बोचतो. दोन्हीकडे ओलीस होते, दोन्हीकडे इराण होता, दोन्हीकडे जिवाच्या धोक्याचं कारण होतं. पण कॅनडाच्या घरातले सहा जण विमानात बसल्यावर गुपिताचं कारण संपलं. क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात एकेक खेप पुढच्या खेपेला कारण पुरवत राहिली. ते शेवटी बाहेरच्या मासिकाने संपवलं. पहिल्यातून निघालेला नियम दुसऱ्याला लागू करता येतो, तो फक्त मुदत लिहिलेली नसल्यामुळे.

सिनेटने १९८८ मध्ये ४८ तासांची कमाल मर्यादा घालणारं विधेयक मोठ्या बहुमताने मंजूर केलं, पण प्रतिनिधिगृहात ते पुढे गेलं नाही. १९९० मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी गुप्तचर खात्याच्या विधेयकावर सही नाकारली. १९९१ मध्ये तडजोड झाली. फाइंडिंग लेखी हवं आणि झालेल्या कारवाईला मागाहून मंजुरी देता येणार नाही, हे दोन नियम कायद्यात आले. पॉइंडेक्स्टर यांनी फाडलेल्या कागदासारखा कागद आता मुळात बेकायदा ठरतो. मुदतीबाबत मात्र कलमात तोच शब्द राहिला. 'काही दिवसांत' असा अर्थ संसदेने सोबतच्या अहवालात नोंदवला, आणि बुश यांनी आधीच लेखी सांगितलं होतं, की त्यापलीकडे रोखायचं झालं तर आपण आपल्या घटनात्मक अधिकारावर बोट ठेवू.

२०१० च्या दुरुस्तीने आणखी एक टप्पा गाठला. फक्त आठ जणांना सांगितलं असेल तर १८० दिवसांत दोन्ही समित्यांच्या सर्व सदस्यांना माहिती खुली करायची, किंवा अजून मर्यादा का हवी हे पुन्हा लिहून द्यायचं. गुप्ततेला तारीख घालण्याचा हा प्रयत्न मला या सगळ्या प्रवासातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण तो गुपित फोडा म्हणत नाही. कारण अजून जिवंत आहे का, एवढंच ठरावीक काळाने विचारतो.

ही १८० दिवसांची घडी आठ जणांना सांगितल्यावरच सुरू होते. त्या आठांनाही न सांगण्याचा निर्णय झाला, तर तिथे अजून १९८० चाच शब्द आहे.